न उघडलेली पेटी

माझी बहीण उभी राहिली, की तिच्या दोन गुडघ्यांमधून पलीकडच्या भिंतीवरचे घड्याळ दिसत असे. पावले जुळलेली, घोटे एकमेकांना टेकलेले, आणि गुडघे मात्र भांडलेल्या भावंडांसारखे तोंडे फिरवून दूर उभे. शाळेतल्या मुलांनी तिला ‘कमान’ हे नाव ठेवले, तेव्हा ती कमान अगदीच उथळ होती. पुढे सांध्यांची आतली बाजू झिजत गेली, आणि वास्तवाने त्या मुलांची कल्पना गाठली.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतो. म्हणजे मेलेल्यांकडून जे शिकता येते ते जिवंतांना सांगतो. माझ्या खोलीतल्या कपाटांत मांडीची आणि नडगीची हाडे रांगेने ठेवलेली आहेत. लोक हाडाला दगड समजतात, कारण ते तसे दिसते. वस्तुतः हाड रोज मोडले जाते आणि रोज बांधले जाते. जिथे भार पडतो तिथे ते जाड होते, जिथे पडत नाही तिथे स्वतःलाच खरवडून काढते. रस्त्यांच्या बाबतीत हे धोरण कोणत्याही नगरपालिकेने अजून स्वीकारलेले नाही. बहिणीच्या पायांकडे पाहताना मला कीव कधी वाटली नाही. इतक्या तिरक्या खांबांवर एक अख्खी बाई जन्मभर उभी राहते, चालते, ओरडते, याचा मला अचंबा वाटत आला आहे. ज्यांना तो वाटत नाही त्यांच्याविषयी काय वाटते, ते मी शक्यतो लिहीत नाही.

ती पोहायला शिकवायची. हा पेशा तिने विचार करून निवडला होता: गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचे पाय कोणी पाहत नाही. पण अलीकडे तलावाच्या ओल्या पायऱ्या तिला उतरता येईनात. पहिल्या पायरीवर वजन टाकले की गुडघा बाहेरच्या बाजूला झोल खाई, आणि ती कठड्याला लटकून राही. मग ती काठावरच्या खुर्चीवरून शिकवू लागली, मग तेही सुटले. तिला एवढेच हवे होते: कोणी हात न धरता त्या पायऱ्या उतरून पाण्यात जायचे. ही मागणी घेऊन ती तीन तज्ज्ञांकडे गेली. पहिल्याने वजन कमी करायला सांगितले. दुसऱ्याने वय झाले असे सांगितले, जणू ही बातमी तिला अजून कळली नव्हती. तिसऱ्याने तिच्याशी बोलण्याचे कष्टच घेतले नाहीत, त्याने मला विचारले, “यांना आता चालून जायचंय तरी कुठं?”

“तलावावर,” बहीण म्हणाली. “तुम्हाला यायचं असेल तर चड्डी घेऊन या.”

चौथी डॉक्टर आमच्याच रुग्णालयातली, सांध्यांच्या विभागातली, एकेकाळची माझी विद्यार्थिनी. विभागप्रमुखांच्या हाताखालची म्हणून सगळे तिला ‘धाकट्या मॅडम’ म्हणत. तिने बहिणीला आधी चालायला लावले, बूट काढून, तपासणीच्या खोलीबाहेरच्या लांब बोळातून. मग तिला खाटेवर निजवले, स्वतः बुटक्या स्टुलावर बसली, उजवा घोटा काखेत धरला, अंगठा गुडघ्याच्या आतल्या कडेवर ठेवला आणि बाहेर वळलेला पाय हळूहळू सरळ रेषेकडे ढकलू लागली. डोळे मिटून. खोलीत फक्त नळाचे ठिबकणे ऐकू येत होते.

“थांबतंय,” ती म्हणाली. “सर, इथे बोट ठेवून बघा ना.”

“फिल्म आहे की,” मी म्हणालो.

दाब देऊन काढलेला एक्स-रे मी आदल्या दिवशीच पाहिला होता. पाय सरळ रेषेकडे ढकलला की गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन हाडांमध्ये मोठी काळी फट उघडत होती. ती मी पट्टीने मोजली होती. बोटाने मोजमाप करायला मी काही वाण्याच्या दुकानात उभा नव्हतो.

इथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. गुडघा म्हणजे बिजागरी, असे सगळ्यांना वाटते. तो बिजागरी नाही. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर नुसते ठेवलेले असते. दोन गोल टोके एका जवळजवळ सपाट जागेवर. त्यांना धरून ठेवतात ते अस्थिबंध: हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या, एक आतल्या बाजूने, एक बाहेरच्या, दोन मध्ये. असा सांधा कोणा अभियंत्याने कागदावर काढला असता तर त्याला घरी पाठवले असते, आणि तरी या सांध्यावर माणसे डोंगर चढतात. गुडघा बदलायचा म्हणजे हाडांची टोके कापून धातूची बसवायची. बंध शाबूत असतील तर साधा सांधा पुरतो. त्याला धरायचे काम बंधच करतात. बंध थोडे कमजोर असतील तर मध्ये उंच दांडा असलेला सांधा घेतात, म्हणजे तो बाजूला कलत नाही. आणि बंध गेलेच असतील तर खरीखुरी बिजागरी बसवतात, वर आणि खाली हाडांच्या पोकळीत लांब सळया ठोकून. बिजागरीला कोणाची मदत लागत नाही. पण प्रत्येक पावलाचा पीळ ती सळयांवर टाकते, सळया हाडावर, आणि काही वर्षांनी हाड त्यांना सोडू लागले, की पुन्हा बसवायला फारसे हाड शिल्लक नसते.

म्हणजे जेवढा पहारा कडक, तेवढी घराची भिंत पोकळ. पहारा कमी ठेवावा आणि घर डळमळावे, हेही परवडणारे नाही. मग बाई पायरीवर पुन्हा कठड्याला लटकते.

मी महिनाभर वाचत होतो. ज्याला फट म्हणजे सैल बंध आणि सैल बंध म्हणजे बिजागरी हे समीकरण सापडले आहे, त्याला वाचनातून त्याच समीकरणाचे पुरावे मिळत जातात. शिवाय माझ्या प्रयोगशाळेत अशा वाकड्या गुडघ्यांचे बंध मी पाहिले होते. सगळे चामड्याच्या वादीसारखे, निर्जीव. त्यांच्यात धरून ठेवण्याची ताकद असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

शुक्रवारच्या बैठकीत माझ्या बहिणीचे पाय भिंतीवर लावले गेले. विभागात रीत अशी, की अवघड पायांच्या फिल्म सगळ्यांनी मिळून पाहायच्या, नाव झाकून. दिवे मालवले. पांढऱ्या भिंतीवर ती कमान छतापर्यंत गेली.

“वा,” मागून कोणी म्हणाले. “यातून रिक्षा जाईल.”

“मीटर टाकून,” दुसरा म्हणाला.

मी पहिल्या रांगेत होतो आणि मागे वळून पाहिले नाही. या माणसांना रोज समोर एक चमत्कार टांगलेला मिळतो: आतल्या कडेला हाड झिजले म्हणून शरीराने तिथेच काटेरी वाढ उभी करून ओसरी बांधली आहे, भार पेलायला शेजारचे हाड दाट केले आहे. आणि त्यांना त्यात रिक्षा दिसते. त्यांच्या पदव्या खऱ्या आहेत, याची मी एकदा खात्री करून घेतली होती.

विभागप्रमुखांनी फटीवर लाल ठिपका फिरवला. “आतला बंध गेला. बिजागरी. पुढचा.”

“सर,” धाकट्या मॅडम म्हणाल्या, “हाताला तो थांबल्यासारखा लागतो.”

“हाताला लागतो तो भिंतीवर दाखवा की.”

हशा झाला. प्रमुखांचे बिजागरीवर प्रेम होते, कारण बिजागरी बसवलेला पाय दुसऱ्या दिवशीच्या फिल्ममध्ये रेघ मारल्यासारखा सरळ येतो आणि परिषदेच्या व्यासपीठावर फार शोभतो. दहा वर्षांनंतरची फिल्म व्यासपीठावर दाखवण्याची प्रथा नाही. हे सारे मला माहीत होते, आणि तरी निकाल माझ्याच बाजूने लागला होता. ज्यांच्याशी आपले कशातच पटत नाही, त्यांच्याशी एकदम पटले की माणसाने सावध व्हायला हवे. मी फक्त अस्वस्थ झालो.

“तीनही सांध्यांच्या पेट्या मागवते,” धाकट्या मॅडम म्हणाल्या. “ठरवायचं ते गुडघा उघडल्यावर ठरवू.”

“मागवा. उघडाल शेवटी तिसरीच,” प्रमुख म्हणाले. “पुढचा.”

त्या संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून कांदा चिरत होती. उभे राहून चिरणे बंद झाल्यापासून तिने तो ओटा स्टुलाच्या मापाने पुन्हा बसवून घेतला होता.

“काय पंडित, काय ठरलं माझ्या पायांचं?”

“बिजागरी घ्यायला हवी, ताई. सगळ्यांचं तेच मत आहे. ती मुलगी तेवढी म्हणते उघडून बघू. तू तिला स्पष्ट सांग, की आधी ठरवा, मग हात लावा.”

“सगळ्यांचं म्हणजे कोणाचं? त्या रिक्षावाल्यांचं?”

ही गोष्ट तिच्यापर्यंत कशी पोचली, ते मी विचारले नाही. रुग्णालयात भिंतींनाच नव्हे, स्ट्रेचरांनाही कान असतात.

“त्यांचं सोड. मी स्वतः वाचलंय.”

“तू वाचलंस हे मला कळलं. दाढी वाढलीय.” तिने सुरी खाली ठेवली. “हे बघ. बिजागरी बसवली आणि ती पुढे सुटली, तर काय?”

“तर अवघड आहे.”

“अवघड म्हणजे? माझ्याशी विद्यार्थ्यांसारखं बोलू नकोस.”

“पाय सरळ गोठवून टाकावा लागेल. वाकणार नाही. त्याच्याहून वाईटही होऊ शकतं.”

“आणि साधा बसवला, आणि तो डुगडुगला?”

“तर पुन्हा कापाकापी. आणि मग बिजागरीच.”

तिने चिरलेला कांदा हाताने बाजूला सारला. “म्हणजे साध्याच्या मागे एक दार आहे, आणि बिजागरीच्या मागे भिंत.”

“पण साधा टिकेल याला आधार काय? तिचा अंगठा?”

“हो. नवीन पोर पाण्यात उतरलं, की मी त्याच्या पाठीखाली हात धरायचे. मग हळूच काढायचे. कधी काढायचा, हे मला कोणी फिल्मवर दाखवलं नव्हतं. ती डोळे मिटून बघत होती ना, तेव्हाच मी ठरवलं. तिला मी सांगून टाकलंय: आत तुझ्या हाताला जे येईल ते कर.”

“मला न विचारता?”

“गुडघा माझा आहे रे. आणि अजून एक. तू आत राहायचंस. बाहेर बसलास तर परिचारिकांना छळशील.”

शस्त्रक्रियेच्या खोलीत मला भिंतीकडेच्या पायरीवर उभे केले गेले. बोलायचे नाही, ही अट होती. कमरेखाली भूल दिली असल्याने बहीण जागी होती; तिच्या छातीवरून हिरवा पडदा टांगलेला होता आणि पडद्यापलीकडून ती भूल देणाऱ्या डॉक्टरला पोहताना हात कसे मारायचे ते शिकवत होती. कंपनीचा माणूस कोपऱ्यात तीन बंद पेट्यांजवळ उभा होता. त्याला सगळे ‘पेटीवाला’ म्हणत. वरची पेटी बिजागरीची, सगळ्यांत जड.

“मॅडम, ही उघडायला सांगू?” त्याने सुरुवातीलाच विचारले. “फार लांबून आणलीय हो.”

“असू दे. तिलाही जरा विश्रांती,” धाकट्या मॅडम म्हणाल्या.

उजवा गुडघा उघडला गेला. मी शेकडो गुडघे उघडले आहेत. सगळे राखाडी, औषधी पाण्यात मुरलेले, वासाने डोळे चुरचुरवणारे. हा गुलाबी होता. त्यातून रक्त पाझरत होते. हाडाची उघडी कड ओलसर चमकत होती, आणि आतल्या बाजूचा बंध (ज्याचे मी महिनाभर मृत्युलेख वाचत होतो) मोत्यासारखा पांढरा होता. मी एकाच विषयावर आयुष्य घालवले आणि तो विषय आज पहिल्यांदा पाहत होतो.

तिने आतल्या कडेची काटेरी वाढ एकेक करून काढली. करवत चालली. मांडीच्या हाडाचे टोक, मग नडगीचे, कागदाची चळत कापावी तसे सपाट झाले. मग तिने दोन हाडांच्या मध्ये मापाचा ठोकळा सरकवला आणि पाय आधी एका बाजूला ढकलून पाहिला, मग दुसऱ्या. बाहेरच्या बाजूला घट्ट. आतल्या बाजूला फट उघडली.

तीच फट. मी पट्टीने मोजलेली.

खोली शांत झाली. पेटीवाल्याने वरच्या पेटीवर हात ठेवला. माझे म्हणणे माझ्या डोळ्यांदेखत खरे ठरत होते, आणि मला ते मुळीच नको होते. साध्याच्या मागे एक दार आहे, एवढेच माझ्या डोक्यात घुमत होते, आणि ते दार कोणीतरी ओढून घेत होते.

“पंडित,” पडद्यापलीकडून आवाज आला, “सगळे गप्प का झाले?”

अटीप्रमाणे मला बोलायचे नव्हते. मी मान हलवली, जी तिला दिसणे शक्य नव्हते.

“काही नाही, ताई,” धाकट्या मॅडम म्हणाल्या. “माप घेतेय. पाचर द्या.”

नडगीच्या हाडाची आतली बाजू इतकी झिजली होती, की सपाट कापूनही तिथे खळगा उरला होता. त्या खळग्यात तिने धातूची छोटी पाचर बसवली, वर चकती ठेवली आणि ठोकळा पुन्हा आत सरकवला. या वेळी तो सहज गेला नाही. दोनदा हलकेच ठोकावा लागला. मग तिने घोटा काखेत घेतला आणि अंगठा त्याच जागी ठेवला. डोळे मिटले.

पाय ढकलला. फट उघडली नाही. तो पांढरा बंध सतारीच्या तारेसारखा ताणला, आणि थांबला. तिने गुडघा वाकवला, पुन्हा ढकलला. पुन्हा थांबला. दोन्ही बाजूंना, सरळ आणि वाकवून, तो बंध त्या धातूला असा धरून राहिला जणू त्याच कामासाठी वाट पाहत होता.

तेव्हा मला कळले. बंध सैल झालाच नव्हता. कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक खांब जमिनीत खचला, की दोरी लोंबते, आणि आपण दोरीला नावे ठेवतो. खाली बसले होते ते हाड. वर्षानुवर्षे ती बाई आपल्या झिजलेल्या हाडावर कललेली चालत होती, आणि तो बंध आपली मूळ लांबी राखून होता, खांब पुन्हा उभा राहील या कोणत्याही आश्वासनाशिवाय. आम्ही सारे, प्रमुखांपासून माझ्यापर्यंत, भिंतीवरच्या फिल्मकडे पाहून त्याला मृत ठरवून मोकळे झालो. फिल्मवर बंध उमटतच नाहीत. तिथे फक्त हाडे दिसतात, आणि हाडांमधला काळोख. त्या काळोखाची लांबी मी मोजली होती, तीही दशांशापर्यंत.

“पहिली पेटी,” धाकट्या मॅडम म्हणाल्या. “साधा. पाचरेबरोबर, खाली आखूड दांडी.”

“आणि ही?” पेटीवाल्याने जड पेटीकडे पाहिले.

“ती जशी आली तशी घेऊन जा.”

“पंडित,” पडद्यापलीकडून आवाज आला, “आता तरी सांग काय दिसतंय.”

अट मोडून मी बोललो. “तुझा बंध दिसतोय, ताई.”

“कसा आहे?”

“मोठा सुंदर आहे,” मी म्हणालो.

“बघा,” ती भूल देणाऱ्या डॉक्टरला म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं, तेही आतून उघडल्यावर.”

त्या शुक्रवारी प्रमुखांनी नवी फिल्म पाहिली. पाय सरळ होता. “चांगली आहे,” ते म्हणाले, “पण बिजागरीनेही अशीच आली असती.” ते खरेही होते. फिल्मपुरते.

वसंत संपत आला तेव्हा बहिणीने मला तलावावर बोलावले. सकाळची वेळ, शिकणारी मुले अजून यायची होती. पाणी इतके निश्चल होते की तळाच्या फरश्या मोजता आल्या असत्या. ती काठावर उभी होती. उजवा पाय सरळ, डावा अजून तसाच बाहेर वळलेला; अर्धी कमान आणि एक खांब. उजवा सरळ झाल्याने लांब झाला होता, म्हणून डाव्या चपलेला तिने जाड तळ लावून घेतला होता.

चपला काढून तिने कठड्यावर हात ठेवला, पण पकडला नाही. उजवे पाऊल पहिल्या पायरीवर गेले. वजन आले. गुडघा कोणत्याही बाजूला हलला नाही. मग दुसरी पायरी, मग पुढची, आणि पाणी तिच्या गुडघ्यांवर, कमरेवर, छातीवर चढत गेले. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिने तोंडावर ओंजळभर पाणी मारले.

“ये,” ती म्हणाली.

“मी कपड्यांत आहे.”

“मग कपड्यांसकट ये. दुसऱ्या गुडघ्याचं ठरवायचंय. की त्याचंही वाचून सांगणार आहेस?”

मी बूट काढले, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली, आणि त्या दुमडण्याचा काहीच उपयोग झाला नाही; पाणी थेट कमरेपर्यंत होते. ती उथळ पाण्यात माझ्याजवळ आली, तिने काठाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पाठीवर तरंगत पाय माझ्याकडे सोडले. पाण्यात ते अगदी हलके होते. मी डावा घोटा काखेत घेतला, जसा धाकट्या मॅडमनी घेतला होता, आणि अंगठा गुडघ्याच्या आतल्या कडेवर ठेवला. त्वचेखाली हाडाची कड लागली, मग दोन हाडांमधली जागा.

“हळू,” बहीण म्हणाली. “आणि डोळे मीट. बघून तुला काही कळत नाही, हे सिद्ध झालंय.”

मी डोळे मिटले. पाय सरळ रेषेकडे ढकलू लागलो. जागा उघडू लागली. माझ्या अंगठ्याखाली ती फट रुंद होत गेली, फिल्मवर होती तितकी, आणि माझे जुने ज्ञान मला सांगू लागले की आता हे असेच उघडत जाणार. मी आणखी थोडे ढकलले.

आणि अंगठ्याखाली काहीतरी उभे राहिले. दोरखंडाला नाव बांधलेली असावी, ती प्रवाहात लांब जावी आणि दोर एकदम ताठ व्हावा, तसे. त्याच्या पुढे काही नव्हते. मी जोर लावला, तरी ते हलले नाही. ते जिवंत होते आणि ते धरून होते.

“काय?” तिने विचारले.

“थांबतोय,” मी म्हणालो, आणि पाय लगेच सोडला नाही.